आमच्या सोसायटीच्या कमिटीला खुलं पत्र : टेरेसवरचं धान्य बंद करा, पाण्याची भांडी राहू द्या

मा. अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार आणि कमिटीतले बाकी सगळे, नमस्कार.

मी बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर राहते, १९ वर्षं झाली. मागच्या सोमवारी लिफ्टशेजारच्या बोर्डावर नोटीस लागली आणि तीच संध्याकाळी ग्रुपवर पण आली, की पक्ष्यांमुळे होणारी घाण आणि आजार लक्षात घेता सगळ्यांनी बाल्कनीतली, खिडकीतली, टेरेसवरची पाण्याची भांडी, दाण्याचे फीडर, लाकडी घरटी १५ तारखेच्या आत काढायची, नाहीतर ५०० रुपये दंड मेंटेनन्सच्या बिलात लागणार, शिवाय सगळ्या डक्टना आणि बाल्कन्यांना जाळ्या बसवणार आणि आवारातल्या झाडांची छाटणी पण करून घेणार. ग्रुपवर मी काही बोलले नाही, कारण तिथे अर्ध्या तासात ८० मेसेज पडले, कोणी भूतदया काढली, कोणी कोणाच्या कुत्र्याचा विषय काढला आणि मूळ गोष्ट राहिली बाजूला. म्हणून सविस्तर लिहितेय आणि मुद्दाम खुलं लिहितेय, कारण अशीच नोटीस आसपासच्या आणखी दोन-तीन सोसायट्यांत लागल्याचं कानावर आलंय.

आधी जे पटलंय ते सांगते. पारव्यांचा, म्हणजे आपल्या नेहमीच्या राखाडी कबुतरांचा, त्रास खरा आहे, त्यात काही वाढवून सांगितलेलं नाहीये. ए विंगच्या वरच्या मजल्यावर एसीच्या आउटडोर युनिटमागे विष्ठेचा थर साचलाय तो मी स्वतः बघितलाय, वास येतो, पिसं उडतात, खिडकी उघडायची सोय नाही. त्या धुळीने फुफ्फुसाला सूज येते, हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात त्याला, आणि वर्षानुवर्षं ती धूळ छातीत जात राहिली तर फुफ्फुसं कडक होतात ती परत पहिल्यासारखी होत नाहीत. २०२५ मध्ये मुंबईत कबुतरखान्यांवरून केवढा गदारोळ झाला, दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला, प्रकरण हायकोर्टात गेलं, ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंय. तेव्हा टेरेसवर धान्य टाकायला बंदी घाला, दंडही लावा, माझा पूर्ण पाठिंबा आहे आणि एजीएमला मी तसा हात वर करीन.

आणि हे मी कुठल्या तोंडाने सांगतेय तर मी स्वतः २ वर्षं टेरेसवर ज्वारी टाकत होते. सासरे गेले त्यानंतर सुरू केलं होतं, रोज सकाळी एक वाटी. आधी १०-१२ पारवे यायचे, वर्षभरात ६०-७० यायला लागले, पाण्याच्या टाकीवर, सोलरच्या पॅनेलवर रांगा लावून माझी वाट बघत बसायचे आणि मला वाटायचं किती छान, किती जीव आपल्यावर अवलंबून आहेत. चिमण्या कुठे गेल्या, हा प्रश्न मला तेव्हा पडलाच नाही. नंतर वाचत गेले, टेकडीवर पक्षी बघायला जाणाऱ्यांच्या मागे मागे फिरत शिकले, तेव्हा कळलं की गडबड कुठे आहे.

ती गडबड समजून घेतली तर नोटीस कुठे चुकतेय ते आपोआप लक्षात येईल, म्हणून जरा वेळ घेऊन सांगते. पारवा मुळात कड्याकपारीत राहणारा पक्षी, त्याला आपल्या बिल्डिंगचे छज्जे, डक्ट, एसीच्या मागच्या फटी म्हणजे कडेच वाटतात. दोन अंडी घालतो, १८ दिवसांच्या आसपास पिल्लं बाहेर येतात, महिन्याभरात उडायला लागतात, आणि दाणापाणी मिळत राहिलं तर हे वर्षभर चालूच. बाकी बहुतेक छोट्या पक्ष्यांना हे का जमत नाही? तर त्यांच्या पिल्लांना पहिल्या दिवसांत अळ्या, किडे, नाकतोडे असलं मऊ खाणं लागतं, ते नसेल तर पिल्लू जगत नाही. पारव्याचं तसं नाही, त्याच्या गळ्यातल्या पिशवीत दुधासारखा पदार्थ तयार होतो, नर आणि मादी दोघांच्याही, आणि तो ते पिल्लाला भरवतो. म्हणजे नुसत्या ज्वारी-बाजरीवर त्याचं कुटुंब वाढतं. चिमणी स्वतः दाणे खाते, पण पिल्लाला अळीच हवी. म्हणजे मी जी रोज वाटीभर ज्वारी टाकत होते त्यातून फक्त पारवेच वाढणार होते, दुसरं काही होणंच शक्य नव्हतं.

आता नोटीस परत वाचा. त्यात पारव्यांना पोसणारं धान्य आणि बुलबुल, दयाळ, शिंपी या छोट्या पक्ष्यांना लागणारं पाणी, झाडं, वेली हे सगळं एकाच वाक्यात टाकून एकच शिक्षा दिलीय. धान्य गेलं की पारवे कमी होतील, मान्य. पण झाडं छाटली, वेली काढल्या, पाणी काढलं तर बाकीचे सगळे जातील आणि छज्जे तर तसेच राहणार आहेत, तिथे पारवेच राहतील. आज ज्याचा त्रास होतोय तो सोडून बाकी सगळ्यांना आपण हाकलतोय असं होईल ते.

बाकीचे म्हणजे कोण, असं एका मीटिंगमध्ये कोणीतरी विचारलं होतं. तर मी गेली ३ वर्षं एका वहीत लिहून ठेवतेय, बाल्कनीतून, टेरेसवरून आणि आवारात फिरताना दिसलेले. ४१ जातींचे पक्षी झालेत. मागे वेताळ टेकडी आहे म्हणून आपलं नशीब, एप्रिल-मे मध्ये पहाटे तिकडून पावश्याचं 'पेर्ते व्हा' ऐकू येतं, मोर ओरडतात ते डी विंगवाल्यांना रोज ऐकू येतंच. गेटजवळच्या उंबराला फळं धरली की हरियाल येतात, पिवळे पाय, हिरवट-पिवळं अंग, २०-२५ चा थवा असतो पण पानांत असे मिसळतात की हलल्याशिवाय दिसत नाहीत. हा आपला राज्यपक्षी, आणि तो पण कबुतराच्याच कुळातला बरं का, पण त्याला आपल्या ज्वारीचं काही पडलेलं नाही, तो झाडावरची फळं खातो, खाली क्वचितच उतरतो. त्याच उंबरावर राखी धनेशाची जोडी येते, वाकड्या मोठ्या चोचीने एकेक फळ वर उडवून गिळते. हे पुण्यात, चारी बाजूंनी बिल्डिंगी असताना. मागच्या वर्षी सी विंगच्या शाळकरी मुलांना मी ती जोडी दाखवली तर एक मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला माझी बेल वाजवून विचारायला आला की आजी आज पण आलेत का.

माझ्या बाल्कनीतली एक गोष्ट सांगते, कारण जाळीचा विषय तिथूनच आला. माझ्या सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत, दीड वर्षापूर्वी खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून त्यांचं खाली उतरणं बंद झालंय, दिवसाचा बराच वेळ बाल्कनीच्या दारात खुर्चीत बसून असतात. या फेब्रुवारीत ग्रिलवर चढलेल्या मधुमालतीत बुलबुलाने घरटं केलं, त्यांच्या खुर्चीपासून चार फुटांवर. वाटीएवढं, काड्या, मुळ्या, कोळ्याचं जाळं आणि एका बाजूला आमच्याच पायपुसण्याचे धागे. तीन अंडी, फिकट गुलाबी, त्यावर विटकरी ठिपके, जणू कोणी बारीक कुंचल्याने शिंतोडे मारलेत. मादी बसली की फक्त डोक्यावरची काळी टोपी आणि शेपटीखालचा लाल ठिपका दिसायचा. सासूबाई तिला टोपीवाली म्हणायच्या. मी स्वयंपाकघरात असले की हाक, "अगं, टोपीवाली उठली बघ, उन्हात अंडी उघडी पडलीत." बाराव्या-तेराव्या दिवशी पिल्लं निघाली, तिसरं अंडं तसंच राहिलं. दोन पिल्लं, डोळे मिटलेले, अंगावर नीट पिसं नाहीत, नुसती नारिंगी तोंडं वर. पहिले चार दिवस नर-मादी दोघं फक्त किडे आणि हिरव्या अळ्या आणत होते, त्या अळ्या माझ्या कढीलिंबावरच्या, मी मोजल्या एका सकाळी, ६ ते ७ या एका तासात १४ फेऱ्या. नंतर सिंगापूर चेरीची लाल फळं आणायला लागले, ती डी विंगमागच्या झाडाची.

पिल्लं आठवडाभराची झाली आणि जाळीवाला मुलगा आला. मागच्या कमिटीने तेव्हा फक्त बी विंगचं काम दिलं होतं. बिचारा सरळ मुलगा होता, म्हणाला ताई मला सगळ्या बाल्कन्या करायला सांगितल्यात, वेल कापावी लागेल. मी त्याला आत घेतलं, खुर्चीवर उभं केलं आणि घरटं दाखवलं. त्याने बघितलं आणि स्वतःच म्हणाला, "आठ दिवसांनी येतो." आठ दिवसांनी नाही, दहाव्या दिवशी आला, तोवर पिल्लं उडून गेली होती, एक तर सासूबाईंच्या देखत कुंडीवरून कठड्यावर आणि कठड्यावरून थेट समोरच्या बहाव्यावर. त्या दिवशी त्यांनी मुलीला नाशिकला फोन करून सांगितलं. हे मी रडवायला लिहीत नाहीये. त्या मुलाला फक्त थांब म्हणायचा अधिकार कोणी दिलेला नव्हता, तरी तो थांबला. पण पुढच्या वेळी जो येईल तो थांबेलच असं नाही, म्हणून ते कामाच्या कागदावर लिहिलेलं हवं.

आणि कायद्याचं म्हणाल तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्याच अशी आहे की संरक्षित पक्ष्यांची अंडी फोडणं, अंड्यांना किंवा घरट्याला धक्का लावणं हेही त्यात येतं. झाडांचं तसंच, शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा वेगळा कायदा आहे आपल्या राज्यात, सोसायटीच्या आवारातलं झाड असलं तरी ते तोडायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, छाटणीसाठी सुद्धा उद्यान विभागाकडे अर्ज करावा लागतो. नोटिशीत त्या अर्जाचा उल्लेख दिसला नाही. केला असेल तर त्याची प्रत बोर्डावर लावा म्हणजे शंका राहणार नाही.

जाळ्यांबद्दल माझं म्हणणं जाळी नकोच असं नाहीये. डक्टला जाळी हवीच. पण ती ताणून, चारी बाजूंनी फ्रेमला पक्की, बारीक छिद्राची, आणि बसवायच्या आधी आत कोणी अडकलेलं नाही ना ते बघून. डी विंगच्या डक्टला बसवलेली जाळी दीड वर्षात सैल पडली, खालचा कोपरा सुटला, त्यातून पारवे आत जातात आणि बाहेर यायची वाट सापडत नाही. जुलैमध्ये तिथे एक पारवा पायाला नायलॉन गुंडाळून लटकलेला होता, तीन दिवस, पहिल्या मजल्यावरच्या बाथरूमच्या खिडकीतून त्याची फडफड ऐकू यायची. शेवटी अग्निशमन दलाला फोन केला, त्यांनी येऊन शिडी लावून काढला पण तोवर जीव गेला होता. पारव्यांचा राग असणाऱ्या घरातली बाई सुद्धा त्या तीन दिवसांत नीट जेवली नाही. सैल जाळी पारवे थांबवत नाही, फक्त त्यांना आतमध्ये मारते आणि मग तो वास वेगळाच. त्यापेक्षा एसीच्या मागच्या फटीला पत्रा किंवा कडक जाळीची चौकट, छज्ज्यावर उतरती फळी, म्हणजे घरटं टिकणारच नाही, हे उपाय स्वस्त पण आहेत आणि टिकतात पण. आणि साफ करणाऱ्या मावशींना कोरडा झाडू मारायला लावू नका, आधी पाणी मारून ओलं करायचं, तोंडाला चांगला मास्क, मग खरवडायचं. आजार त्या कोरड्या धुळीतूनच होतो आणि पहिला त्रास त्यांनाच होणार आहे.

आता पाण्याच्या भांड्यांचं. नोटिशीत डेंग्यूचं कारण दिलंय. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो हे बरोबर, भांड्याच्या आतल्या कडेला पाण्याच्या रेषेजवळ चिकटवतो, आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणजे जे भांडं रोज सकाळी ओतून, काथ्याने आतली कड घासून परत भरलं जातं त्यात डास तयार होऊच शकत नाही. जिथे खरंच आळ्या सापडतात त्या जागा वेगळ्याच असतात, कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे, एसीच्या पाण्याच्या बादल्या, मनीप्लांटच्या बाटल्या, टेरेसवर टाकलेले जुने टायर आणि फुटके कमोड. मागच्या पावसाळ्यात महापालिकेची माणसं तपासणीला आली तेव्हा त्यांनी चिठ्ठी लावली ती क्लबहाऊसच्या शोभेच्या कुंड्यांना, पक्ष्यांच्या एकाही भांड्याला नाही. म्हणून नियम असा करा ना की भांडं रोज ओतून घासायचं, ज्याला जमत नाही त्याने ठेवायचं नाही. बाहेरगावी जाताना पालथं घालून जायचं. हा नियम मोडणाऱ्याला खुशाल दंड लावा.

त्या एका भांड्यावर काय काय येतं हे ज्यांनी ठेवलं नाही त्यांना कल्पना नसते, म्हणून सांगते. माझं मातीचं पसरट भांडं आहे, दोन बोटं खोल, मध्ये एक दगड. दगड कशाला, तर मधमाश्या त्यावर बसून पाणी पितात, नाहीतर बुडतात. मे महिन्यात दुपारी ४० च्या आसपास पारा गेलेला असतो तेव्हा साळुंकी येते, आधी पिते मग आत बसून दोन्ही पंख आपटून अंघोळ करते, पाणी सगळं माझ्या फरशीवर. तिचं झालं की बुलबुल. दयाळ एकटाच येतो, शेपटी वर करून, दुसरा कोणी असला तर येत नाही. शिंपी भांड्यात उतरत नाही, ओल्या पानांवर अंग घासून घेतो. चष्मेवाले मात्र सात-आठ एकदम, डोळ्याभोवती पांढरी गोल रेघ, दोन मिनिटांत सगळे अंघोळ करून गायब. खार ग्रिलवरून उलटी लटकून पिते. एकदा संध्याकाळी शिक्रा, तो छोटा शिकारी पक्षी, बसला होता कठड्यावर, पिवळाजर्द डोळा, सासूबाई आणि तो एकमेकांकडे बघत होते, मी दारात चहाचा कप घेऊन उभी, कोणीच हललं नाही, मग तो गेला.

फीडरचा विषय राहिला. त्यावर माझं मत थोडं वेगळं आहे आणि काही मैत्रिणींना ते आवडणार नाही. उघड्या ताटलीत, कठड्यावर, टेरेसवर दाणे नकोत. पारवे येतात, सांडलेल्यावर रात्री उंदीर येतात. फरसाण, बिस्किटं, ब्रेड, मसालेभात हे तर कोणालाच घालू नका, मीठ आणि तेल त्यांना सोसत नाही. पण ए विंगच्या मुलांनी सुट्टीत बाटलीचे फीडर केले होते, बाजरी आणि राळे घातलेले, बसायला करंगळीएवढी आखूड काडी. त्यावर पारव्याला बसताच येत नाही, चिमण्या आणि ठिपकेवाल्या मुनिया बरोबर बसतात. ते आठवड्यातून एकदा गरम पाण्याने धुवायचे, दाणा ओला झाला की फेकायचा, खाली ताटली अडकवायची म्हणजे सांडत नाही. असे फीडर चालू द्यावेत असं मला वाटतं, परवानगी घेऊन, दर विंगला एखाद-दोन. आणि लाकडी घरट्यांना तर हरकत घ्यायचं काही कारणच नाही, सव्वा इंचाच्या भोकातून पारवा काय साळुंकी पण आत जात नाही, चिमणीच जाते. आपल्याकडे सी विंगच्या पार्किंगमधल्या तीन घरट्यांपैकी दोनांत चिमण्या आहेत. दरवर्षी २० मार्चला चिमणी दिवसाचे फोटो ग्रुपवर सगळेच टाकतात, कमिटीतले पण टाकतात, आणि त्याच चिमण्यांची दोन घरं १५ तारखेला उतरवायची असं नोटीस सांगतेय.

रात्रीच्या पाहुण्यांबद्दल पण बोलायला हवं. लिफ्टच्या मशीनरूमवर गव्हाणी घुबडाची जोडी आहे, पांढरा बदामासारखा चेहरा, ती रात्री जी कर्कश ओरडतात त्यावरून वॉचमनकाका पहिल्यांदा घाबरले होते आणि अपशकुन आहे, हाकला अशी दोघा-तिघांची तक्रार पण आली होती. हे घुबड मुख्यतः उंदीर-घुशी खातं, पिल्लं असली की एका रात्रीत कितीतरी. मशीनरूमच्या खाली त्यांनी गिळून परत टाकलेले गोळे पडलेले असतात, मी एक पाण्यात भिजवून सोडवला तर आत तीन उंदरांच्या कवट्या निघाल्या. आपण पेस्ट कंट्रोलवाल्याला उंदरांसाठी पैसे देतो, तो विषाच्या वड्या टाकतो, विष खाल्लेला उंदीर हळू होतो, तो घुबडाला सोपा सापडतो आणि घुबड पण जातं. चिकट पुठ्ठे तर कृपा करून बंदच करा, मागच्या महिन्यात बी विंगच्या डक्टमधल्या पुठ्ठ्यावर दोन पाली, एक चिचुंद्री आणि दयाळाचं नुकतं उडायला लागलेलं पिल्लू होतं, उंदीर एकही नाही. मी खोबरेल तेल लावून पिल्लू सोडवलं पण त्याची शेपटी गेली. पिंजरे वापरा आणि कचऱ्याच्या खोलीचं दार नीट बसवा, निम्मे उंदीर तिथेच कमी होतील.

वटवाघळांमुळे गाड्यांवर डाग पडतात ही तक्रार मला माहितीये, माझी पण गाडी देशी बदामाखालीच लागते. पावसाळ्याआधी दोन महिने कव्हर घालते, झालं. आणि साप निघाला तर काठी घेऊन धावू नका, आपल्याकडे ऑगस्टमध्ये मारली ती धामण होती, बिनविषारी, उंदीर खाणारी. वनखात्याचा १९२६ हा नंबर आहे, तो आणि जवळच्या सर्पमित्राचा नंबर वॉचमनच्या केबिनमध्ये मोठ्या अक्षरात लावा, तोवर एका माणसाने लांबून फक्त लक्ष ठेवायचं तो कुठे जातोय यावर.

आपल्या राज्यात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, लेखक मारुती चितमपल्लींच्या वाढदिवसापासून पक्षितज्ज्ञ सलीम अलींच्या वाढदिवसापर्यंत. चितमपल्ली २०२५ च्या जूनमध्ये गेले. पक्ष्यांची, झाडांची मराठी नावं गोळा करण्यात त्या माणसाने आयुष्य घातलं, आणि आपल्याकडच्या नोटिशीत ४१ जातींना मिळून 'पक्षी' एवढा एकच शब्द आहे. त्या आठवड्यात गणपतीच्या मांडवाच्या जागी मुलांसाठी काहीतरी करू, खर्च मी करते. फेब्रुवारीत चार दिवस बॅकयार्ड बर्ड काउंट असतं, १५ मिनिटं एका जागी बसून दिसतील ते पक्षी मोजायचे आणि नोंदवायचे, बाल्कनीतून पण चालतं, सासूबाई गेल्या वर्षी बसल्या होत्या आणि त्यांनी ९ जाती मोजल्या.

तर माझं मागणं एवढंच आहे. १५ तारखेची मुदत पुढे ढकला आणि नोटीस दोन भागांत परत काढा. धान्य टाकायला बंदी आजपासून लागू, त्याला कोणाचीच हरकत येणार नाही. पाण्याची भांडी, आखूड काडीचे फीडर आणि लाकडी घरटी यांना नियम घालून परवानगी. जाळीवाल्याच्या कामाच्या कागदावर एक ओळ, की घरट्यात अंडी किंवा पिल्लं असतील तर ती उडेपर्यंत तेवढी जागा सोडायची. एसीच्या मागच्या फटी बुजवायला मी शनिवार-रविवार वॉचमनकाकांबरोबर वरच्या मजल्यावर यायला तयार आहे, ए विंगच्या दोन काकू पण येतो म्हणाल्यात.

छाटणीचं मात्र तातडीचं आहे. ठेकेदार गुरुवारी येणार असं ऐकलंय आणि सी विंगमागच्या शेवग्याची वाळलेली जाड फांदी यादीत पहिली आहे. त्या फांदीच्या खालच्या बाजूला, पावसाचं पाणी आत जाऊ नये अशा बेताने, तांबटाने गोल भोक पाडलंय, साधारण दोन इंचांचं, कंपासने काढल्यासारखं. तांबट म्हणजे तो हिरवा छोटा, कपाळ लाल, गळा पिवळा, जो दिवसभर टुक टुक टुक करतो आणि दिसत मात्र नाही. त्याला भोक पाडायला मऊ झालेलं वाळकं लाकूडच लागतं, हिरव्या फांदीत त्याची चोच चालत नाही. काल सकाळी पावणेसातला नर-मादी आळीपाळीने आत जाताना मी बघितलं, चोचीत उंबराचं फळ होतं, म्हणजे आत पिल्लं असणार. ती फांदी कोणाच्या गाडीवर किंवा वाटेवर येत नाही, खाली फक्त कंपोस्टचा खड्डा आहे. ठेकेदाराला तेवढी एक फांदी सोडायला सांगा. मी तिला पिवळी रिबन बांधून ठेवलीय म्हणजे चूक होणार नाही, आणि गुरुवारी सकाळी ७ पासून मी खालीच आहे, कमिटीतलं कोणीही या, दुर्बीण घेऊन येते, भोक दाखवते.

आपली,
बी विंग, तिसरा मजला